हाडातला पू आणि लेकराचा पाय

लेकरू लंगडायला लागलं की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला : "मुरगळला असेल, चोळून घ्या." कधी कधी मात्र आत हाडात नाहीतर सांध्यात पू झालेला असतो. या आजाराची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

1874 साली लंडनचे डॉक्टर टॉमस स्मिथ यांनी तान्ह्या बाळांच्या सांध्यातल्या पुवाबद्दल सविस्तर लिहिलं. त्यांनी पाहिलेली बरीच बाळं दगावली होती. 1880 मध्ये फ्रान्सच्या लुई पाश्चर यांना साध्या गळवातल्या आणि हाडातल्या पुवात एकच जंतू दिसला. म्हणजे हे हाडातलं गळूच! कातडीवरच्या फोडातून, बाळाच्या पिकलेल्या नाळेतून जंतू रक्तात शिरतो आणि वाढत्या हाडाच्या टोकाशी ठाण मांडतो. तान्ह्या बाळात तिथून तो सांध्यात सहज उतरतो.

कारण कळलं, तरी चिरून पू काढण्यापलीकडे फारसा इलाज नव्हता. पेनिसिलिन आलं आणि चित्र पालटलं. पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, 1955 साली ते तयार होऊ लागलं. पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, आपल्या शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याच्याच दवाखान्याला आपण घाटी म्हणतो. पुढे पुष्कळ जंतू पेनिसिलिनला दाद देईनासे झाले. म्हणून आता कोणतं औषध द्यायचं ते डॉक्टरच ठरवतात. मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नयेत.

औषध आलं, दवाखाना आला. आता उशीर होतो तो आपल्या अंगणात. खुब्यातला पू थोड्याच दिवसांत सांधा खातो, मग जन्माचं लंगडेपण येतं. ताप आहे, लेकरू पाय टेकत नाही, बाळ एक हात किंवा पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, सांधा सुजलाय, गरम लागतोय. यातलं काही दिसलं तर चोळू नका, बिब्बा लावू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. नवजात बाळाला ताप नसतानाही हा आजार असू शकतो. पू काढल्यावर औषध काही आठवडे चालतं, ते मध्येच सोडू नका. नाळेला राख, शेण लावू नका. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटा लस चुकवू नका, ती यातल्या एका जंतूला अडवते.

आणि गटातल्या बायांनो, अशा वेळी गाडीभाड्याचे पैसे द्यायला महिन्याच्या बैठकीची वाट पाहायची नाही, असा ठराव आपापल्या गटात करून ठेवा.