प्रश्न कुणी काढायचा?

महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कोणते? राज्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या प्रश्नमंजूषेत हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि उत्तराला कुणी क्षणभरही थांबत नाही. कळसूबाई, १६४६ मीटर. हे शिखर ज्या अकोले तालुक्याच्या शिवेवर उभे आहे, त्या तालुक्याने अशी आयती उत्तरे कितीतरी पुरवली आहेत. भंडारदऱ्याचे विल्सन धरण पुरे झाले ते १९२६ साली. सावकारशाहीविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे देवगावचे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. शाळेची पायरी न चढलेल्या, पण देशी बियाणे जपून २०२० साली पद्मश्रीपर्यंत पोचलेल्या राहीबाई पोपेरे कोंभाळण्याच्या. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक गाइडात यातले काही ना काही सापडते.

उत्तरे अकोल्याची असली, तरी प्रश्न मात्र बहुतेक वेळा दुसरीकडे कुठेतरी तयार झालेले असतात. कॉलेजांमधल्या क्विझ स्पर्धांचा इतिहास पाहिला तर प्रश्न कोण काढतो आणि खेळायला कुणाला मिळते, या दोन गोष्टींभोवतीच तो फिरताना दिसतो.

सुरुवात अमेरिकेत झाली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या करमणुकीसाठी डॉन रीड यांनी प्रश्नोत्तरांचा एक खेळ बसवला होता. त्यातून पुढे ‘कॉलेज बोल’ हा कार्यक्रम निघाला आणि १० ऑक्टोबर १९५३ रोजी एनबीसी रेडिओवरून तो पहिल्यांदा ऐकू आला. पहिल्या सामन्यात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने कोलंबियाला १३५ विरुद्ध ६० गुणांनी हरवले. चौघांचा संघ. आधी कुणीही बझर दाबून द्यायचा दहा गुणांचा प्रश्न, आणि तो जिंकणाऱ्या संघाला मग एकत्र बसून सोडवायचा बोनस. रेडिओच्या त्या काळात दोन्ही संघ आपापल्या कॉलेजातच बसत आणि तारांनी जोडले जात. १९५९ पासून हा खेळ टीव्हीवर आला. आज जगभर ज्याला कॉलेज क्विझ म्हणतात, त्याचा सांगाडा बराचसा इथलाच.

इंग्लंडमध्ये तोच साचा ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या नावाने २१ सप्टेंबर १९६२ रोजी सुरू झाला. बॅम्बर गॅस्कॉइन यांनी १९८७ पर्यंत तो चालवला. या स्पर्धेतली एक घटना मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९७५ साली मँचेस्टर विद्यापीठाचा संघ आला आणि त्याने प्रश्न कुठलाही असो, उत्तर एकाच ठरलेल्या यादीतून द्यायला सुरुवात केली: चे गेव्हारा, मार्क्स, ट्रॉट्स्की, लेनिन. हा थिल्लरपणा नव्हता. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे प्रत्येक कॉलेज स्वतंत्र संघ पाठवू शके, तर मँचेस्टरसारख्या अख्ख्या विद्यापीठाला एकच संघ, याचा तो निषेध होता. पुढे काही वर्षे मँचेस्टरला स्पर्धेबाहेर राहावे लागले. २००६ ते २०१३ या काळात याच विद्यापीठाने स्पर्धा चार वेळा जिंकली. खेळायला मिळाल्यावर काय होते, ते यातून पुरेसे कळते.

भारतात संघटित क्विझचा आरंभ १९६७ चा मानतात. कलकत्त्यात नील ओब्रायन यांनी एका चर्चच्या सभागृहात पहिली खुली क्विझ घेतली. मुंबईचा वाटा पाच वर्षांनी आला, पण तो फार दूरवर पोचला. १९७२ मध्ये हमीद सयानी यांनी ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ सुरू केली. १९७५ साली ते गेले आणि त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी यांनी ती सांभाळली. स्पर्धा शाळांची, भाषा इंग्रजी. तरीही रेडिओपाशी बसून मुलांच्या आधी उत्तर देऊ पाहणारी एक पिढी तिने घडवली, आणि तीच पिढी पुढे कॉलेजात गेली. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा ‘क्विझ टाइम’ आला. त्यात कॉलेजांचे संघ भिडत. त्याच्या थोडे आधी देशभर दूरदर्शनची लघुप्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली होती. त्यामुळे ज्या गावातून कुणी कधी त्या स्टुडिओत जाणार नव्हते, तिथेही बझरचा आवाज पोचला.

त्या काळापासून ‘पास’, ‘बझर राउंड’, ‘रॅपिड फायर’ हे शब्द महाराष्ट्रातल्या गॅदरिंगमध्येही रुळले. पुण्यात अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या, मुळाकाठच्या बोट क्लबवर विद्यार्थी जमू लागले आणि त्यातून बोट क्लब क्विझ क्लब उभा राहिला. तिथली रीत पाठांतराच्या विरुद्ध होती. प्रश्नातच धागे सोडायचे आणि ते जुळवत उत्तरापर्यंत यायचे. उत्तरामागच्या गमतीला ही मंडळी ‘फंडा’ म्हणतात. चांगला फंडा सापडला की उत्तर न आलेला संघही टाळ्या वाजवतो. महाराष्ट्राच्या क्विझमधली ही सर्वात निरोगी परंपरा म्हणावी लागेल.

मग आला २००३–०४ चा हंगाम. बीबीसी वर्ल्डने सिद्धार्थ बसू यांच्यासह ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ भारतात आणले. मार्च २००४ च्या अंतिम फेरीत अंधेरीचे सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालय आणि अहमदाबादचे आयआयएम समोरासमोर आले. एका बाजूला देशातली सर्वात नावाजलेली व्यवस्थापन संस्था, दुसऱ्या बाजूला मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले, १९६२ साली स्थापन झालेले कॉलेज. जिंकले अंधेरीचे. पुढे त्याच संघाने ब्रिटनच्या त्या वर्षीच्या अंतिम फेरीत खेळलेल्या, केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजलाही हरवले. महाराष्ट्राच्या कॉलेज क्विझमधला हा सर्वात मोठा विजय म्हणता येईल, आणि आपल्याकडे त्याची आठवण फारच कमी ठेवली गेली. या विजयाचे मोल एवढ्यासाठी, की संलग्न कॉलेजला तिथे स्वतःच्या नावाने उतरता आले. मँचेस्टरच्या पोरांनी जे मागितले होते, ते जवळजवळ हेच.

अंधेरी झाले, पुणे झाले. तालुक्याच्या गावाचे काय?

अकोल्याचे अगस्ती कला, वाणिज्य व दादासाहेब रूपवते विज्ञान महाविद्यालय असो की राजूरचे ॲड. एम. एन. देशमुख महाविद्यालय, दोन्ही १९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या परिघात येतात. विद्यापीठांच्या युवा महोत्सवात आणि २००३ पासून राज्यपालांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ‘इंद्रधनुष्य’ या आंतरविद्यापीठ महोत्सवात प्रश्नमंजूषा असते. पण तिथे अख्ख्या विद्यापीठाचा संघ तिघांचा. पुणे, नगर, नाशिक अशा तीन जिल्ह्यांतून तिघे! आदिवासी पट्ट्यातून एसटीने कॉलेजला येणाऱ्या मुलीला त्या तिघांत बसायचे, तर तिने त्याआधी अशी क्विझ कुठे खेळायची?

तिच्या वाट्याला आली ती दुसरी प्रश्नमंजूषा: विज्ञान दिनाची, मराठी भाषा गौरव दिनाची, वाचन प्रेरणा दिनाची. चार पर्याय, एक बरोबर. प्रश्न बहुधा एमपीएससी आणि पोलीस भरतीच्या गाइडांतून उचललेले. यात कमीपणा काही नाही. अभ्यासिकेत दिवस काढणाऱ्या मुलांना हे सामान्यज्ञान नोकरीच्या दारापर्यंत नेते, आणि २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या, शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बबिता ताडे ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकल्या, तेव्हा गावाकडच्या वाचनाचे बळ देशाने पाहिले. पण गाइडातला प्रश्न आठवायला लावतो, विचार करायला लावत नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच प्रश्न फिरत राहतात आणि विद्यार्थ्याच्या मनात बसते की प्रश्न हे छापूनच येतात.

२०२० च्या टाळेबंदीत एक वेगळेच वळण आले. कॉलेजे बंद, आणि व्हॉट्सॲपवर मात्र प्रश्नमंजूषांच्या लिंकांचा पूर. गुगल फॉर्म भरा, ठरावीक टक्के मिळवा, ई-प्रमाणपत्र मेलवर घ्या. ग्रंथालयशास्त्र, कोरोना जनजागृती, इतिहास, भूगोल, विषय कुठलाही. अनेकांनी प्रमाणपत्रांचे ढीग जमवले, आणि दर्जाबद्दल बोलावे असे त्यात थोडेच होते. तरी त्या काळाला नुसते हसून सोडून देणे अन्यायाचे ठरेल. आडवळणाच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांनी प्रश्न काढले आणि दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातली माणसे ते सोडवत बसली. प्रश्नांचा प्रवाह असा उलटा वाहताना पूर्वी क्वचितच दिसला असेल. कॉलेजे उघडली आणि तो बराचसा आटला.

तो पुन्हा वाहता करायला पैसा फारसा लागत नाही. अमेरिकेतल्या कॉलेज स्पर्धांनी पुढे एक उत्तम पद्धत रूढ केली आहे. एकाच प्रश्नात आधी अवघड खूण, मग सोपी, शेवटी अगदी सोपी; ज्याचे वाचन खोल, तो आधी बझर दाबतो. या पद्धतीने राघोजींवरचा प्रश्न पंढरपुरात झालेल्या त्यांच्या अटकेपासून सुरू करता येईल, मग सावकारांविरुद्धचे बंड, मग ठाण्याचा तुरुंग आणि शेवटी देवगाव. किंवा नद्यांचा घ्या: पुण्याच्या बोट क्लबासमोरून एक मुळा वाहते, आणि हरिश्चंद्रगडाच्या मुलखात उगम पावून नेवाशाजवळ प्रवरेला मिळणारी दुसरी मुळा अकोल्याची. हा फंडा पुण्याच्या क्विझमास्टरपेक्षा अकोल्याच्या विद्यार्थ्याला आधी सुचायला हवा.

म्हणून अकोले आणि राजूरच्या प्राध्यापकांना, विद्यार्थ्यांना एक मागणे आहे. वर्षातून एक प्रश्नमंजूषा अशी घ्या, जिचा एकही प्रश्न गाइडातला नसेल. मराठीतून घ्या. प्रश्न विद्यार्थ्यांनीच काढावेत, निम्मे तालुक्याचे आणि निम्मे जगाचे, आणि प्रत्येक उत्तर कोणत्या पुस्तकातून किंवा कोणत्या माणसाकडून मिळाले ते शेजारी लिहावे. संगमनेर, नगर, पुण्याच्या संघांना बोलवा. स्पर्धा झाली की तो प्रश्नसंच साल घालून कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलांना त्याहून चांगले प्रश्न काढावे लागतील.