बिऱ्हाड हलवायचे म्हणजे : पडावापासून टेंपोपर्यंत



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत आपल्या रत्नागिरीच्या इतिहासावर काही लिही, असे अध्यक्षबाईंनी सांगितले तेव्हा मी घाबरलेच. माझे शिक्षण सातवी यत्तेपर्यंतचे. थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले आणि १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मी लिहिणार आहे ती सामान्यांच्या बिऱ्हाडाची हकीकत. ट्रंक, पाटा-वरवंटा, गाद्यांच्या वळकट्या एका घरातून दुसऱ्या घरात कशा गेल्या आणि त्या कोणी वाहिल्या, हाही इतिहासच आहे.

माझ्या सासूबाई १९६४ साली लग्न होऊन विजयदुर्गाहून आगबोटीने येथे आल्या. त्या काळी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव किनाऱ्यावर घरोघर ठाऊक होते. आगबोट खोल पाण्यात उभी राही. तिथून माणसे आणि सामान पडावात उतरवायचे, पडाव धक्क्याला लागायचा, मग हमाल ट्रंक डोईवर घेऊन बैलगाडीपर्यंत नेई. सासूबाई सांगतात, "पडाववाल्याचे वेगळे, हमालाचे वेगळे, गाडीवानाचे वेगळे. मामंजी कनवटीला सुटे पैसे घेऊनच आले होते." पावसाळ्यात आगबोटी बंद. तेव्हा बिऱ्हाड हलवायचे असेल तर ते मे महिन्याच्या आत नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर, असा हिशेब असे.

पुढे रस्त्याची वाहतूक वाढली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली आणि हळूहळू ती कोकणातल्या गावोगावी पोचली. टपावर ट्रंका, गोणी, आंब्याच्या पेट्या चढू लागल्या. आगबोटी मागे पडल्या आणि अखेर बंद झाल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. भरलेले मालट्रकच्या मालट्रक रेल्वेवर चढवून कोलाडहून गोव्यातील वेर्ण्याला नेण्याची सोयही तिने केली.

मात्र आपल्या गल्लीबोळांत जो येतो तो टेंपो. हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो जर्मनीतून आला हे कुणाला सांगून पटायचे नाही! हँबुर्ग शहरात टेंपो नावाच्या तीनचाकी मालगाड्या बनवणारा कारखाना होता. त्याच्याशी सहकार्य करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली आपल्याकडे बजाज टेंपो कंपनी काढली. गाडीचे नाव लोकांच्या तोंडी असे बसले की पुढे कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी टेंपोच झाली. २००५ साली टाटांची एस गाडी आली. तिला लोकांनी 'छोटा हत्ती' म्हटले, तरी भाडे ठरवताना आपण "टेंपो सांगितलाय" असेच म्हणतो.

आता स्वतःचा अनुभव सांगते. २०१८ साली आम्ही मांडवीकडची भाड्याची जागा सोडून माळनाक्याला बिऱ्हाड केले. टेंपोवाल्याशी भाडे मीच ठरवले. एक खेप, इतके रुपये, एवढेच बोलणे झाले. तो एका पोरगेल्या गड्याला घेऊन आला. टेंपो बोळात शिरेना. शंभर पावले सामान डोईवरून आणावे लागले, आणि नव्या घराला तीन जिने. टेंपोवाला म्हणाला, "वहिनी, हमाली वेगळी पडेल." मी म्हटले, "भाऊ, ठरले ते ठरले." माझा आवाज चढलाच होता.

इतक्यात जिन्यावर धाडकन आवाज झाला. सासूबाईंच्या जात्याची खालची तळी त्या पोराच्या हातून निसटून त्याच्याच पायावर पडली होती. अंगठा फुटून रक्त वाहत होते. आमच्या ह्यांनी त्याला दवाखान्यात नेले, टाके घालून आणले. आठ-दहा दिवस तरी त्याला काम जमणार नव्हते.

सासूबाई पायरीवर बसून होत्या. मला वाटले, जात्याचा कपचा उडाला म्हणून त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "अगो, आमच्या वेळी तीन माणसांचे काम होते आणि तिघांना मजुरी होती. आता एकाच गाडीत तिघांचे काम आणलेस, आणि मजुरी मात्र एकाचीच द्यायला बघतेस." मला उत्तर सुचले नाही. त्या पोराला आठ दिवसांची मजुरी आणि टेंपोवाल्याला हमाली वेगळी दिली. उशिराने दिली, ही टोचणी राहिलीच.

नंतर मला कळले, की डोईवर ओझे वाहणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात १९६९ सालीच माथाडी कायदा झाला आहे. त्यासाठी अण्णासाहेब पाटील यांनी कामगारांना संघटित केले होते. नोंदलेल्या कामगाराला त्यातून मंडळामार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी असे लाभ मिळतात. पण आमच्या जिन्यावर पडलेल्या पोराची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. त्याची मजुरी माझ्या तोंडच्या शब्दावर होती.

म्हणून भगिनींनो, टेंपो ठरवताना भाड्याच्या आधी आपण होऊन सांगावे : जिने किती, गाडी दारापर्यंत येते का, जड वस्तू कोणत्या, काचसामान किती. गडी किती लागतील ते त्यालाच विचारावे आणि हमाली वेगळी बोलून घ्यावी. यात भांडण टळते, आणि जात्यासारख्या वस्तूला दोन माणसे लागतात हेही आधीच ठरते.

ते जाते आज आमच्या गॅलरीत आहे. दळण त्यावर होत नाही. कपचा उडालेली बाजू मी मुद्दाम पुढे ठेवली आहे.