पडलेले पिलू : सांभाळायचे की परत करायचे?

घरट्यातून पडलेल्या पिलाला माणसाने हात लावला की त्याचे आईबाप त्याला पुन्हा जवळ करत नाहीत, उलट टोचून मारतात, ही समजूत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिच्यामुळे पिलाचे दोन्हीकडून नुकसान होते. कुणी विटाळाच्या धास्तीने त्याला तसेच पडू देतो, तर कुणी ‘आता याला आपल्याशिवाय कोणी नाही’ असे मानून खोक्यात घालून घरी नेतो. आपल्या परंपरेतली जुनी साक्ष मात्र या समजुतीला पाठिंबा देत नाही. पिलाला वाचवायचे म्हणजे शक्य तोवर त्याला आईबापांकडे पोचवायचे, हेच त्या साक्षीतून निघते.

मार्कंडेय पुराणातली कथा पाहा. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचा बाण लागून तार्क्षी ही गर्भवती पक्षीण मरते, तिची अंडी रणभूमीवर पडतात आणि सुप्रतीक हत्तीच्या गळ्यातली घंटा तुटून नेमकी त्यांच्यावर झाकली जाते. युद्ध संपल्यावर शमीक ऋषी ती घंटा उचलतात आणि आतली पिले आश्रमात नेऊन वाढवतात. इथे आई उरलेलीच नाही, म्हणून आश्रम. आणि मोठी झाल्यावर ती पिले आश्रमात अडकत नाहीत, विंध्य पर्वतात जातात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आई आणि पिलांचे नाते दुसऱ्या बाजूने दाखवते. तिच्यातली घायाळ पक्षीण मरता मरता पिलांसाठी शेवटचा घास घेऊन कोटरात परतते. पक्ष्याच्या वात्सल्यावर इतका भरवसा असलेली कविता शाळेत शिकलेल्या समाजाने, बोटाच्या स्पर्शाने ते वात्सल्य आटते असे मानावे, ही मोठी विसंगती आहे. माझ्या मते माणसांतली शिवाशीव आपण पक्ष्यांवर लादली. बहुतेक पक्षी स्पर्शामुळे पिलू टाकत नाहीत.

‘आश्रय देण्याचीही आपली परंपरा आहेच’ असा आक्षेप येईल. ती आहे आणि थोर आहे. भटकी कुत्री मारण्याच्या हुकमावरून 1832 मध्ये मुंबईत दंगल झाली आणि 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. पण पांजरपोळ निराधारांसाठी होती. पडलेले पिलू बहुधा निराधार नसते. पिसे फुटलेले, आखूड शेपटीचे, उड्या मारणारे पिलू उडायला शिकत असते आणि आईबाप त्याला जमिनीवरही भरवतात. ‘मांजर खाईल त्याचे काय?’ ही भीती खरी आहे, पण त्यासाठी पिलाला जवळच्या झुडपात उंच ठेवणे पुरते. उघडे, पिसे नसलेले पिलू घरट्यात ठेवावे. घरटेच मोडले असेल तर त्याच जागी छोटी टोपली टांगावी. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. जखमी पिलू मात्र वनविभागाकडे किंवा पशुवैद्याकडेच जायला हवे. मैना, बुलबुल, पोपट घरात पाळणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा दयेच्या आड येत नाही. शमीकांनी शेवटी पिलांना मोकळे जाऊ दिले, तेच तो आधी करायला सांगतो.

भिलाईजवळच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत या विचाराला आणखी एक बाजू आहे. 1959 मध्ये भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली आणि त्या पोलाद कारखान्याच्या परिसरात ही वसाहत वाढली. झाडांच्या ढोलीत राहणारी मैना भिंतींच्या भोकांत आणि छपरांच्या सांध्यांतही घरटे करते. तिथून पडणारे पिलू माणसाच्या बांधकामातून पडते, म्हणून त्याची जबाबदारीही अधिक आपली. मैनेची पिले साधारण तीन आठवड्यांत घरटे सोडतात. तेवढे दिवस दुरुस्ती लांबवली आणि पिले उडून गेल्यावरच भोक बुजवले, तर उचलून घ्यावी लागणारी पिलेच कमी होतील. करुणेची सुरुवात तिथून व्हायला हवी.