रेमो फर्नांडिस: घरी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटपासून 'हम्मा हम्मा'पर्यंत

'ओके जानू' (२०१७) मधलं 'द हम्मा साँग' कधी ना कधी तुमच्या फीडमध्ये येऊन गेलं असेल. ते रिमिक्स होतं. मूळ गाणं १९९५ च्या 'बॉम्बे' चित्रपटातलं, संगीत ए. आर. रहमान यांचं. त्याच्या हिंदी आवृत्तीत जो मस्तीखोर, थोडा वेगळ्याच उच्चारांचा आवाज ऐकू येतो, तो गोव्याच्या रेमो फर्नांडिस यांचा.

बऱ्याच जणांची रेमो यांच्याशी ओळख इथे सुरू होते आणि १९९८ च्या 'प्यार तो होना ही था'वर संपते. पण 'हम्मा हम्मा' आलं तेव्हा रेमो यांच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमला अकरा वर्षं झाली होती. तो अल्बम त्यांनी घरात रेकॉर्ड केला होता आणि त्याच्या कॅसेट स्कूटरवरून दुकानादुकानांत पोहोचवल्या होत्या. आज ज्याला आपण 'इंडी' म्हणतो, ते काम भारतात अगदी सुरुवातीला ज्यांनी केलं त्यांच्यात रेमो यांचं नाव घ्यावं लागतं.

थोडक्यात

- पूर्ण नाव: लुईस रेमो दे मारिया बर्नार्दो फर्नांडिस
- जन्म: ८ मे १९५३, पणजी
- शिक्षण: आर्किटेक्चर, सर जे. जे., मुंबई
- गाण्याच्या भाषा: इंग्रजी, कोकणी, हिंदी, पोर्तुगीज, फ्रेंच
- वाद्यं: मुख्यतः गिटार आणि बासरी
- सन्मान: पद्मश्री (२००७)

आधी हे समजून घेऊ: 'इंडी' म्हणजे काय?

'इंडी' हे 'इंडिपेंडंट'चं छोटं रूप. त्याचा 'इंडिया'शी संबंध नाही. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या पैशांशिवाय आणि हुकमाशिवाय केलेलं संगीत म्हणजे इंडी. त्यामुळे हा शब्द आवाजापेक्षा व्यवहाराबद्दल जास्त सांगतो. गाणं कुणाचं, खर्च कुणाचा आणि शेवटचा शब्द कुणाचा, असे ते प्रश्न आहेत. रेमो यांच्या शैलीत पुढे जे बदल झाले, ते समजायला हेच तीन प्रश्न उपयोगी पडतात.

पणजी ते मुंबई: दुसऱ्यांची गाणी वाजवण्याचा काळ

रेमो जन्मले तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राजवट होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. साधारण सातव्या वर्षी लंडनहून आलेल्या नातेवाइकाने आणलेल्या रेकॉर्डमुळे त्यांच्या कानावर बिल हेली यांचं 'रॉक अराउंड द क्लॉक' पडलं. शाळेत असतानाच त्यांनी मित्रांबरोबर बँड काढला.

आर्किटेक्चर शिकायला ते मुंबईत आले आणि 'द सॅव्हेजेस' या तेव्हाच्या नावाजलेल्या बँडमध्ये वाजवू लागले. त्या काळात मुंबई-कोलकात्यात रॉक बँड बरेच होते. पण बहुतेकांचं काम म्हणजे परदेशी गाणी हुबेहूब वाजवणं. बीटल्स किंवा रोलिंग स्टोन्ससारखं वाजलं की टाळ्या मिळायच्या. स्वतः लिहिलेलं गाणं ऐकायला फारसं कुणी येत नसे.

मग रॉक गाणाऱ्याने जायचं कुठे? एक उदाहरण मराठी घरातलंच आहे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे हा सत्तरच्या दशकातला मुंबईचा गाजलेला रॉक गायक. त्याने अलेक पदमसी यांच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडासची भूमिका केली आणि पुढे तो पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त दिसला. त्याला वाट रंगभूमीने दिली. रेमो यांनी वेगळी वाट धरली.

१९७७ ते १९८०: फिरणं आणि फ्यूजन

आर्किटेक्चरची पदवी घेतल्यावर रेमो युरोप आणि उत्तर आफ्रिकेत फिरायला गेले. वाटेत गाड्यांना हात दाखवत प्रवास आणि रस्त्यावर वाजवून कमाई, असा तो काळ होता. याच काळात त्यांनी तिथल्या फ्यूजन रॉक बँडबरोबरही वाजवलं.

रॉक ही मुळात पश्चिमेची चीज. तिथे पोहोचल्यावर भारतीय माणसाने पुन्हा तीच चीज वाजवून दाखवण्यात काय हशील? तिथल्या श्रोत्याला नवी वाटते ती बासरी, वेगळा ताल, वेगळी चाल. रेमो यांच्या पुढच्या कामात गिटारच्या जोडीला बासरी आणि गोव्याच्या चाली जागोजागी भेटतात, त्यामागे हा प्रवास आहे असं म्हणायला हरकत नाही.

१९८४: चार ट्रॅकचं मशीन आणि 'गोअन क्रेझी!'

परत आल्यावर रेमो गोव्यात राहिले. बार्देश तालुक्यातल्या शिवोली गावच्या घरातून ते काम करू लागले. तेव्हा मोठ्या कंपन्यांचा धंदा चित्रपटगीतांवर चालायचा. गोव्याबद्दल इंग्रजीत स्वतःची गाणी लिहिणाऱ्याला तिथे फार जागा नव्हती. म्हणून त्यांनी 'गोअन क्रेझी!' (१९८४) घरीच केला. लिहिणं, गाणं, जवळपास सगळी वाद्यं वाजवणं, रेकॉर्डिंग, कव्हरचं चित्र, सगळं स्वतःच. मग स्कूटर काढून दुकानांत कॅसेट पोहोचवणं.

हे शक्य झालं ते चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरमुळे. १९७९ पासून अशी छोटी मशीन बाजारात आली होती. ती चालते कशी?

- साध्या कॅसेटच्या टेपवर चार वेगवेगळे पट्टे असतात, म्हणजे चार आवाज एकामागून एक भरता येतात.
- समजा ताल, बेस आणि गिटार तीन पट्ट्यांवर भरले. ते तिन्ही एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे. पहिले तीन पट्टे पुन्हा मोकळे.
- आता त्यांवर बासरी, गाणं, कोरस भरायचं.
- तोटा असा की एकदा एकत्र केलेले आवाज नंतर सुटे करता येत नाहीत. शिवाय प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते.

म्हणजे लॅपटॉपसारखी 'अनडू'ची सोय नाही. कोणतं वाद्य किती ऐकू यायला हवं हे आधीच ठरवावं लागतं. गर्दी केली तर सगळंच बिघडतं. त्यामुळे अशा रेकॉर्डिंगमध्ये शब्द आणि चाल पुढे राहतात, बाकीचं मागे सरतं. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी 'नेब्रास्का' (१९८२) अशाच मशीनवर केला होता. फरक एवढाच की ते तोवर मोठे स्टार होते आणि पाठीशी मोठी कंपनी होती. शिवोलीच्या घरात यापैकी काही नव्हतं.

१९८५: जुनी गाणी, नवी मांडणी

दुसऱ्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड' आला आणि शैली बदलली. यात गोव्याची जुनी कोकणी आणि पोर्तुगीज गाणी रेमो यांनी आपल्या पद्धतीने बांधली.

गोव्याच्या लोकसंगीतात मांडो, दुलपद, देखणी असे प्रकार आहेत. मांडो संथ आणि विरहाचा, एकापेक्षा जास्त आवाजांच्या सुरावटीत गायला जाणारा, साथीला व्हायोलिन आणि घुमट. दुलपद त्याच्या मागोमाग येणारं, जलद. देखणीची चाल तुम्ही नकळत ऐकलेली आहे: 'बॉबी' (१९७३) मधलं 'ना मांगूं सोना चांदी' एका देखणीवरच बेतलेलं आहे. म्हणजे पूर्व आणि पश्चिमेचं मिश्रण गोव्यात रॉक येण्याच्या कितीतरी आधी झालेलं होतं. फ्यूजन शोधायला रेमो युरोपात गेले खरे, पण त्याचा जुना नमुना घरीच होता.

वेळही लक्षात घ्यायला हवी. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावर जानेवारी १९६७ मध्ये जनमत कौल झाला होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर राजभाषेचं आंदोलन पेटलं. फेब्रुवारी १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली आणि ३० मे १९८७ ला गोवा राज्य झालं. 'आपण कोण' हा प्रश्न गल्लीगल्लीत चर्चेला असताना जुनी गोंयची गाणी तरुणांच्या कॅसेट प्लेअरवर आणणं ही नुसती आठवणींची उजळणी नव्हती. १९८५ मध्येच श्याम बेनेगल यांचा गोव्यात घडणारा 'त्रिकाल' आला. त्याचं संगीत वनराज भाटिया यांचं होतं, आणि त्यात रेमो दिसले आणि गायलेही.

१९८६ ते १९९२: गाणं म्हणजे जाहीर बोलणं

यानंतरचे अल्बम गोव्याबाहेरच्या श्रोत्याशी बोलतात. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) चं शीर्षकगीत हेरॉइनच्या व्यसनाविरुद्ध होतं. 'बॉम्बे सिटी!' (१९८७) मध्ये महानगर आलं. 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' (१९९२) चं नावच सगळं सांगतं. आवाज जास्त रॉककडे झुकला, भाषा इंग्रजी राहिली, पण विषय घरचे.

याच काळातला एक किस्सा गोव्यात अजून सांगितला जातो. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यातल्या एका कार्यक्रमात रेमो यांनी त्यांच्यासमोरच त्यांना उद्देशून लिहिलेलं गाणं गायलं. त्यात राजकारण्यांना चांगलेच चिमटे होते. पंतप्रधानांचा अपमान झाला म्हणून काही जण संतापले. खुद्द राजीव गांधींनी मात्र ते आवडल्याचं पत्राने कळवलं.

इथे कंपनीशिवाय काम करण्याचा अर्थ कळतो. असं गाणं गाताना परवानगी घ्यायची तर कुणाची? गीतकार, गायक आणि निर्माता एकच असेल तर धोका एकट्याचा, पण निर्णयही एकट्याचा.

१९८७ ते १९९८: हिंदी सिनेमा आणि त्याची किंमत

'जलवा' (१९८७) च्या शीर्षकगीताने रेमो यांचा आवाज हिंदी श्रोत्यांपर्यंत गेला. मग 'बॉम्बे'चं 'हम्मा हम्मा' आलं. १९९८ मध्ये जतिन-ललित यांच्या संगीतात जसपिंदर नरुला यांच्याबरोबर 'प्यार तो होना ही था'चं शीर्षकगीत आलं आणि त्याच वर्षी 'ओ मेरी मुन्नी' हा हिंदी पॉप अल्बम.

या टप्प्यात मिळालं बरंच. गोव्याचे संगीतकार हिंदी सिनेमात आधीपासून होते: अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, चिक चॉकलेट. पण ते अरेंजर आणि वादक होते, पडद्यामागचे. गाण्याचं नाव दुसऱ्याच्या खात्यावर जायचं. रेमो स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्यासह समोर आले. त्यांचे उच्चार पॉलिश करून 'हिंदी' करण्याचा हट्ट कुणी धरला नाही. तो उच्चारच गाण्याचं आकर्षण ठरला.

गमावलं काय? 'हम्मा हम्मा'त चाल रहमान यांची, शब्द गीतकाराचे, रेमो यांचा फक्त आवाज. मंत्र्यांना चिमटे काढणारा, व्यसनावर लिहिणारा गीतकार तिथे दिसत नाही. उरते ती मजा, नाच, समुद्रकिनारा. हिंदी सिनेमाला गोवा म्हणजे सुट्टी एवढंच माहीत होतं आणि त्याने रेमो यांच्यातून तेवढंच उचललं. ही गाणी कमी दर्जाची आहेत असं नाही. पण फक्त तीच ऐकून रेमो कळले असं समजणं म्हणजे बागा बीच पाहून गोवा पाहिला म्हणण्यासारखं आहे.

२००० नंतर

'सिम्फॉनिक चॅन्ट्स'सारख्या कामात त्यांनी पारंपरिक मंत्र आणि पाश्चात्य वाद्यवृंदाची मांडणी एकत्र आणली. रॉकपासून हा टप्पा बराच दूरचा. २०१३ च्या 'डेव्हिड' चित्रपटात 'मारिया पिताशे' आलं तेव्हा नव्या पिढीने त्यांचा जुना इंडो-पोर्तुगीज बाज ऐकला. २०२१ मध्ये त्यांचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं.

मग बदललं काय, टिकलं काय?

बदलला तो श्रोता. आधी गोवेकर, मग देशातला इंग्रजी ऐकणारा तरुण, मग हिंदी प्रेक्षक. श्रोता बदलला की भाषा बदलली आणि भाषेबरोबर वाद्यांची मांडणीही. टिकली ती एक गोष्ट: गाण्यात गोव्याचं ठिकाण ऐकू येतं. हिंदीतही तो उच्चार लपवलेला नाही.

आज नागपूरच्या प्रताप नगरमधल्या एखाद्या खोलीत लॅपटॉप, एक माइक आणि हेडफोनवर गाणं तयार होतं. चार ट्रॅकची अडचण नाही, स्कूटरचीही गरज नाही, रात्री अपलोड केलं की सकाळी जगभर. १९८४ पेक्षा साधनं कितीतरी स्वस्त आणि सोपी झाली आहेत. पण प्रश्न तोच राहिला आहे. हिंदीत गायलं तर ऐकणारे जास्त, मराठीत कमी, आणि घरी बोलतो त्या वऱ्हाडीत त्याहून कमी, मग गायचं कशात? रेमो यांची कारकीर्द याचं एकच उत्तर देत नाही. तिच्यात तिन्ही तऱ्हेचे निर्णय आहेत आणि प्रत्येकाचा नफा-तोटाही समोर आहे.

कुठून ऐकायला सुरुवात करायची?

१. 'हम्मा हम्मा' (१९९५, हिंदी): ओळखीचं आहे, पण या वेळी फक्त उच्चारांकडे लक्ष द्या.
२. 'गोअन क्रेझी!' (१९८४): घरचं रेकॉर्डिंग कसं वाजतं ते इथे कळतं. शक्यतो हेडफोन लावा.
३. 'ओल्ड गोअन गोल्ड' (१९८५): कोकणी कळत नसली तरी मराठी कानाला बरेच शब्द ओळखीचे वाटतील.
४. 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६): विषय गंभीर, ताल नाचायला लावणारा.
५. शेवटी पुन्हा 'प्यार तो होना ही था' (१९९८). आधीचे चार ऐकून झाल्यावर त्यात काय कमी आहे आणि काय जास्त, हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.