क्षीण आवाजाला बळ, आणि त्या बळाला लगाम

१/ गच्चीवर एक अँटेना, भिंतीवर एक छोटी पेटी आणि खोलीत दुसरी अँटेना. मोबाइलची रेंज न पोहोचणाऱ्या घरांत बसवला जाणारा सिग्नल बूस्टर दिसायला एवढाच असतो. भारतात मात्र परवान्याशिवाय तो बाळगणे व वापरणे बेकायदा आहे. इतके निरुपद्रवी वाटणारे यंत्र कायद्याच्या कक्षेत का यावे? या प्रश्नाचे उत्तर शतकाहून जुन्या एका झगड्यात आहे. 🧵

२/ तारेतून जाणारा विद्युत्प्रवाह अंतरागणिक क्षीण होतो. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास यावर ‘रिले’ हा तोडगा शोधला. आलेला दुबळा प्रवाह एक लोहचुंबक हलवतो आणि ताज्या बॅटरीचा नवा प्रवाह पुढच्या तारेत सोडला जातो. दमलेल्या सांडणीस्वाराकडून ताज्या दमाच्या स्वाराने खलिता घेऊन पुढे दौडावे, तसा हा प्रकार. तारायंत्राचा संदेश याच युक्तीने शेकडो मैल पोहोचला.

३/ १८७६ मध्ये टेलिफोन आला आणि रिले निरुपयोगी ठरला. तारायंत्राचा ‘कट्ट-कडकट्ट’ म्हणजे प्रवाह आहे किंवा नाही, एवढाच भेद. मानवी आवाज मात्र सतत चढत-उतरत असतो. त्यातला प्रत्येक हेलकावा जसाच्या तसा वाढवावा लागतो. १८९२ मध्ये न्यूयॉर्क–शिकागो मार्ग सुरू झाला तो जाड तांब्याच्या तारांच्या जोरावर. पुढे मायकेल प्युपिन यांच्या तारगुंडाळ्यांनी आवाजाची झीज कमी केली आणि १९११ मध्ये न्यूयॉर्कहून डेन्व्हरपर्यंत बोलता येऊ लागले. त्यापलीकडे मात्र आवाज विरून जाई.

४/ झीज कमी करणे आणि गेलेले बळ परत देणे यांत मोठे अंतर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एक सरळ उपाय करून पाहिला गेला : टेलिफोनचा श्रवणभाग थेट दुसऱ्या मायक्रोफोनला जोडणे. आवाज मोठा झाला, पण त्याबरोबर तो बिघडलाही. असे दोन-तीन टप्पे ओलांडताच शब्द ओळखू येईनात.

५/ दुसरे संकट अधिक गंभीर होते. टेलिफोनवर दोन्ही बाजूंनी बोलले जाते, म्हणून वर्धकही दोन्ही दिशांनी हवा. एका दिशेचा वाढलेला आवाज जरासा दुसऱ्या दिशेत झिरपला, की तो पुन्हा वाढतो, पुन्हा झिरपतो आणि तार आपोआप शिट्टी घालू लागते. सभामंडपात माईक कर्ण्यासमोर आला की जी किंकाळी उठते, तीच ही. अभियंत्यांनी तिला ‘तारेचे गाणे’ म्हटले.

६/ १९०९ मध्ये अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनापर्यंत देशाची दोन टोके टेलिफोनने जोडण्याचे ठरवले. हाती साधन मात्र नव्हते. १९१२ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी आपली ‘ऑडिऑन’ नळी कंपनीला दाखवली. हॅरोल्ड अर्नोल्ड यांनी त्या नळीतील हवा जवळजवळ पूर्ण काढून तिला भरवशाचा वर्धक बनवले.

७/ २५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्कहून अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि सॅन फ्रान्सिस्कोहून त्यांचे जुने सहकारी थॉमस वॉटसन एकमेकांशी बोलले. सुमारे ३,४०० मैलांची ही तार १,३०,००० खांबांवर ताणली होती. १८७६ प्रमाणेच बेल यांनी वॉटसन यांना आपल्याकडे बोलावले; आता यायला आठवडा लागेल, असे उत्तर आले.

८/ यशातूनच नवा पेच उभा राहिला. एकाच तारेवर अनेक संभाषणे न्यायची, तर पुष्कळ वर्धक एकामागून एक जोडावे लागत आणि प्रत्येकाचा किंचित दोष पुढच्यात साचत जाई. बेल लॅबोरेटरीजमधील तरुण अभियंता हॅरोल्ड ब्लॅक कित्येक वर्षे याच कोड्याशी झुंजत होता.

९/ २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी कामावर जाताना हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्याला उत्तर सुचले. ते त्याने हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या कोऱ्या जागेवर मांडले. वर्धकातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा एक अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा. वर्धनशक्ती पुष्कळ घटते, पण त्या मोबदल्यात दोषही त्याच प्रमाणात छाटला जातो. हेच ‘निगेटिव्ह फीडबॅक’. शक्तीचा त्याग करून शुद्धता मिळवण्याची ही कल्पना इतकी विपरीत भासली, की पेटंट मिळण्यास नऊ वर्षांहून अधिक काळ गेला.

१०/ हीच उलटी फेरी चुकली, तर वर्धक पुन्हा गाऊ लागतो. तो केव्हा स्थिर राहील याचा गणिती निकष हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये दिला. या पायावर १९५६ मध्ये स्कॉटलंड आणि न्यूफाउंडलंड यांना जोडणारी टॅट-१ ही अटलांटिकखालची टेलिफोन केबल सुरू झाली. जाण्यासाठी एक व येण्यासाठी एक अशा दोन केबल टाकल्या. प्रत्येकीत ५१ रिपीटर समुद्रतळावर विसावले.

११/ आता पुन्हा गच्चीवर. घरचा बूस्टर म्हणजे हाच दुतर्फा रिपीटर, फक्त तारेऐवजी हवेत. ६० डेसिबल वर्धन म्हणजे शक्ती दहा लाख पट. आतल्या अँटेनेतून निघालेल्या शक्तीचा केवळ दहा लाखावा भाग जरी बाहेरच्या अँटेनेपर्यंत परत पोहोचला, तरी यंत्र गाऊ लागते. दोन अँटेनांमध्ये स्लॅब, भिंती व पुरेसे अंतर हवे, ते यासाठीच.

१२/ एक फरक मात्र निर्णायक आहे. १९१५ मधली शिट्टी त्या तारेवरच्या माणसांनाच ऐकू येई. आजची शिट्टी मोबाइल टॉवरच्या कानात शिरते. तिच्या गोंगाटात टॉवरला दूरचे दुबळे फोन ऐकू येत नाहीत आणि परिसरातील इतरांचे कॉल तुटतात. ज्याने रेंज वाढवली, त्याला याचा पत्ताही नसतो.

१३/ म्हणून भारतात १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून विनापरवाना बिनतारी यंत्र बाळगण्यावर बंदी आहे. अमेरिकेने २०१३ मध्ये वेगळा मार्ग निवडला : बूस्टरला मुभा, पण गाणे सुरू होताच त्याने स्वतःहून क्षमता घटवावी वा बंद व्हावे, आणि ग्राहकाने कंपनीकडे नोंदणी करावी. भारतीय घरांसाठी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिच्याकडूनच व्यवस्था करवून घेणे आणि २०१९ च्या अखेरीपासून आलेले वाय-फाय कॉलिंग हे कायदेशीर पर्याय आहेत.

१४/ क्षीण आवाज मोठा करणे १९१५ मध्येच साधले होते. त्याला लगाम घालण्यास मात्र पुढची अनेक दशके लागली. बाजारातल्या स्वस्त पेटीत अर्नोल्ड यांची शक्ती असते. ब्लॅक आणि नायक्विस्ट यांचा संयम बहुधा वगळलेला असतो. आणि त्याची किंमत शेजारचा मोजतो.