फुटुरा : साध्या अक्षराचा इतिहास

आम्हा बडोदेकरांना लिपीतला एक फरक लहानपणीच कळतो. घरातली पोथी देवनागरीत, तर बाहेर दुकानाची पाटी गुजरातीत. दोन्हींतली बरीच अक्षरे एकमेकांची भावंडे. पण गुजरातीने डोक्यावरची शिरोरेषा उतरवून ठेवली आणि ती मोकळी झाली. रोमन लिपीतही असेच काहीसे घडले आहे. तिच्या छापील अक्षरांच्या टोकांना बारीक आडवे पाय असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. ते काढून टाकले की झाले सॅन्स-सेरिफ. एकोणिसाव्या शतकात अशी अक्षरे जाहिरातींत दिसू लागली, पण पुस्तकाच्या पानावर त्यांना मान नव्हता. त्यांपैकी भूमितीवर बेतलेल्या एका वळणाची, फुटुराची, हकीकत येथे सांगत आहोत.

फुटुराचा कर्ता पाउल रेनर (१८७८-१९५६) हा जर्मन. मूळचा चित्रकार, पुढे म्युनिकमध्ये प्रकाशकांसाठी पुस्तकांची मांडणी करू लागला. १९२४ मध्ये त्याने या अक्षराची रेखाटने सुरू केली आणि १९२७ मध्ये फ्रांकफुर्टच्या बाउअर या खिळे ओतणाऱ्या कारखान्याने ते बाजारात आणले. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन पाहून लोक फुटुराला बाउहाउस या प्रसिद्ध कलाशाळेचे अपत्य समजतात. रेनर मात्र तिथे कधीच शिक्षक नव्हता.

पहिल्या रेखाटनांत तो भूमितीच्या फार आहारी गेला होता. लहान 'आर' म्हणजे एक उभी रेघ आणि शेजारी सुटा ठिपका! अशी विचित्र रूपे पुढे बहुतेक गळाली. उरले ते परकाराने काढल्यासारखे दिसते, पण तसे नाही. पदविकेच्या वर्षांत ड्रॉइंग शीटवर अक्षरे काढलेल्या आमच्यासारख्यांना यातले मर्म लगेच पटेल. काटेकोर मापाचे वर्तुळ शेजारच्या चौकोनापेक्षा लहानच दिसते. म्हणून फुटुराचा 'ओ' ओळीच्या किंचित वर-खाली जातो. गोलाई उभ्या रेघेला मिळते तिथे शाईचा गोळा दिसू नये म्हणून रेघ बारीक केली आहे. मोठ्या अक्षरांची मापे तर प्राचीन रोमच्या शिलालेखांना धरून आहेत : 'ओ' ऐसपैस, 'ई' आणि 'एल' अरुंद. म्हणजे नव्या युगाचे म्हणून गाजलेले हे अक्षर निम्मे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. आमच्या मते त्याच्या दीर्घायुष्याचे कारण हेच. नुसत्या परकाराने काढलेली त्या काळची कितीतरी अक्षरे आज फक्त कलेच्या इतिहासात सापडतात.

पण त्या वेळच्या जर्मनीत अक्षराचे वळण ही नुसती आवडीनिवडीची बाब नव्हती. तिथे शतकानुशतके फ्राक्टुर नावाचे, बोरूच्या मोडक्या फटकाऱ्यांसारखे टोकदार वळण चाले. फ्राक्टुर म्हणजे जर्मनपण, रोमन वळण म्हणजे परकेपणा, असे मानणारा मोठा वर्ग होता. १९११ मध्ये हा वाद त्यांच्या संसदेपर्यंत गेला होता. अशा वातावरणात रेनरने रोमन वळणाचा पक्ष घेतला. एवढ्यावर तो थांबला नाही. नव्या कलेला 'सांस्कृतिक बोल्शेविकवाद' म्हणून झोडपणाऱ्या नाझींविरुद्ध त्याने १९३२ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती छापली गेली स्वित्झर्लंडमध्ये. तेव्हा तो म्युनिकच्या मुद्रणशाळेचा प्रमुख होता. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर येताच त्याचा सहकारी यान चिखोल्ड पकडला गेला, पाठोपाठ रेनरलाही अटक झाली. लवकरच सुटका झाली, पण नोकरी गेली. सरकारी नोकरीत राहून सरकारच्या लाडक्या विचाराविरुद्ध छापील पुस्तिका काढणे म्हणजे काय, हे आम्ही सरकारी नोकरांनी वेगळे सांगायला नको.

पुढचा भाग ऐकून हसावे की रडावे कळत नाही. ३ जानेवारी १९४१ रोजी नाझी पक्षाच्या वतीने बोरमानने परिपत्रक काढले की, ही टोकदार अक्षरे मुळात ज्यूंची, तेव्हा यापुढे सर्वत्र रोमन वळणच वापरावे. ज्या अक्षरासाठी लोकांना देशद्रोही ठरवले, तेच एका कागदाने परके झाले! जिंकलेल्या देशांतल्या लोकांना फ्राक्टुर वाचता येत नव्हते, ही त्यातली व्यवहाराची बाजू. आणि त्या परिपत्रकाच्या माथ्यावर छापलेले पक्षाचे नाव? तेही टोकदार अक्षरांतच. जुने छापील कागद संपवायचे, ही कार्यालयीन काटकसर आम्हाला अगदी ओळखीची वाटली.

रेनरचे अक्षर मात्र केव्हाच देशाबाहेर गेले होते. १९५९ मध्ये फोक्सवॅगनच्या छोट्या मोटारीची अमेरिकेतली गाजलेली जाहिरात याच अक्षरात होती. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ ने चंद्रावर ठेवलेल्या पोलादी पाटीवरचा मजकूरही फुटुराच्या मोठ्या अक्षरांत कोरलेला आहे. फर्निचरवाल्या आयकियाने अनेक वर्षे वापरून २००९ मध्ये ते सोडले, तेव्हा जगभरच्या मुद्रणप्रेमींनी चक्क निषेध केला.

देवनागरीत असा भूमितीय प्रयत्न आमच्या शेजारीच, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने केला. पॉपिन्स नावाच्या त्यांच्या फाँटमध्ये रोमन आणि देवनागरी एकाच घडणीच्या आहेत. देवनागरीचे काम निनाद काळे यांचे. हा फाँट मोफत मिळतो, त्यामुळे कळत-नकळत अनेकांच्या मोबाइलवर तो येऊन गेला असेल. बोरूने आलेला जाड-बारीकपणा त्यात जवळजवळ नाहीसा झाला आहे, गाठी आणि पोटे वर्तुळाकडे झुकली आहेत. शिरोरेषा मात्र जागच्या जागी आहे.