‘निगा’ आणि ‘पाळत’ : नेटवर्कवर नजर ठेवण्याचा इतिहास

घरून काम करणाऱ्या माणसाची एक तक्रार ठरलेली असते, ‘नेट चालत नाही.’ या वाक्यातून फारसे काही कळत नाही. बिघाड घरातल्या वायफायमध्ये असेल, सेवा देणाऱ्या कंपनीच्या तारेत असेल, मधल्या वाटेवर असेल किंवा कार्यालयाच्या व्हीपीएनमध्येही असेल. चारही ठिकाणी लक्षण एकच दिसते : आवाज तुटतो, पडदा गोठतो. बिघाडाची जागा सापडेपर्यंत दोष मात्र माणसाच्या पदरी पडतो. ‘हा कामचुकार आहे, नेटचे निमित्त सांगतो,’ असे म्हणणे सगळ्यांत सोपे असते.

ही जागा शोधण्याची साधने कशी घडली, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तो रंजक आहेच. शिवाय आजच्या एका वादाचे मूळही त्यातच सापडते.

एका संध्याकाळचे काम

घरून काम करण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील जॅक निल्स यांनी 1973 मध्ये ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द रूढ केला. कामगाराने रोज कामापर्यंत जाण्याऐवजी काम कामगारापर्यंत यावे, असा त्यांचा विचार होता. पण त्यासाठी लागणारी वाट भरवशाची आहे की नाही, हे तपासण्याचे सोपे साधन हाताशी यायला आणखी दहा वर्षे गेली.

डिसेंबर 1983 मध्ये माइक म्यूस हे मेरीलँडमधील अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेत काम करत होते. तिथल्या नेटवर्कचे वागणे विचित्र झाले होते. त्यांनी एका संध्याकाळी सुमारे हजार ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो समोरच्या संगणकाला हाक मारतो आणि ‘ओ’ यायला किती वेळ लागला, ते मोजतो. पाणबुडीतल्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्यांनी त्याला ‘पिंग’ हे नाव दिले. अशी हाक आणि अशी ओ यांची तरतूद 1981 च्या आयसीएमपी नियमावलीत आधीच होती. म्यूस यांनी ती सर्वांच्या हाती दिली. 2000 साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. पिंग आजही जवळपास प्रत्येक संगणकात आहे.

चारशे यार्डांची वाट

ऑक्टोबर 1986 मध्ये कॅलिफोर्नियात एक चमत्कारिक घटना घडली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांत जेमतेम 400 यार्डांचे अंतर. त्यांच्यातील नेटवर्कचा वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला. म्हणजे आठशेपट घट! तार तुटली नव्हती, यंत्रही जळाले नव्हते.

प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी याचा माग काढला. वाट तुंबली की डेटाची पाकिटे गळतात. गळालेली पाकिटे संगणक पुन्हा पाठवतात, त्यामुळे वाट आणखी तुंबते. घाटात अडकलेल्या गाड्यांनी मागे सरण्याऐवजी दुप्पट गाड्या बोलवाव्यात, तसा हा प्रकार. गर्दी ओळखून आपणहून वेग कमी करण्याची पद्धत जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी 1988 च्या शोधनिबंधात मांडली. इंटरनेट आजही त्याच शिस्तीच्या पायावर उभे आहे.

याच काळात जेकबसन यांनी ‘ट्रेसराउट’ही लिहिले. त्याची युक्ती गमतीची आहे. प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकने कमी करतो. आकडा शून्य झाला की राउटर पाकीट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. मग आधी 1 आकड्याचे पाकीट पाठवायचे, नंतर 2 चे, नंतर 3 चे. वाटेवरचा एकेक राउटर आपले नाव सांगत जातो. पिंगने ‘पोहोचले का?’ हे कळत होते. ट्रेसराउटने ‘कुठे अडले?’ हे कळू लागले.

आलेख बोलू लागला

तरीही एक अडचण उरली. बिघाड होऊन गेल्यावर तपासायला बसलो तर सगळे ठीक दिसते. त्यासाठी सतत नोंद हवी. राउटरला त्याचे आकडे विचारण्याची एसएनएमपी ही भाषा 1988 मध्ये तयार झाली. पुढे 1994 मध्ये टोबियास ओटिकर इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात होते. तिथे हजारांहून अधिक संगणकांना बाहेर जाण्यासाठी 64 किलोबिटची एकच जोडणी होती. ती किती भरली आहे, हे सर्वांना दिसावे म्हणून त्यांनी ‘एमआरटीजी’ लिहिले. ते दर पाच मिनिटांनी राउटरला आकडे विचारते आणि त्यांचा आलेख काढते. पुढे ओटिकर यांनीच ‘स्मोकपिंग’ हे विलंबाचे आलेख काढणारे साधनही दिले.

त्याच स्मोकपिंगचा उपयोग 2010 मध्ये जिम गेटिस यांना झाला. बेल लॅब्जचे हे अभियंते घरूनच काम करत. घरचे लोकही नेट मंद झाल्याची तक्रार करत. घरापासून दहाएक मैलांवरच्या एमआयटीतील सर्व्हरवर मोठ्या फाइली चढवताना त्यांनी आलेख पाहिला, तर विलंब सेकंदाच्याही वर गेलेला! शोध घेता कळले की मोडेम-राउटरमध्ये डेटा साठवून ठेवण्याची जागा गरजेपेक्षा मोठी होती. पाकिटे गळत नव्हती, रांगेत ताटकळत होती. पाकीट गळाले नाही तर संगणकाला गर्दीची खूण मिळत नाही आणि तो वेग कमी करत नाही. जेकबसन यांची शिस्तच निकामी होते. या रोगाला गेटिस यांनी ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. त्यावर 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ हा उपाय मांडला.

टाळेबंदी आणि नवी नजर

मार्च 2020 मध्ये पुणे-मुंबईतले आयटी कर्मचारी एका आठवड्यात घरी आले. दूरसंचार विभागाला कॉल सेंटरसारख्या कंपन्यांसाठीचे घरून कामाचे नियम तातडीने सैल करावे लागले. एकाच घरात वडिलांची मीटिंग, मुलीचा ऑनलाइन वर्ग आणि धाकट्याचा मोबाइल एकाच राउटरवर चालू लागले. वर्गात ‘सर, आवाज येत नाही’ हे वाक्य मीही तेव्हा रोज ऐकले.

अशा वेळी ही साधने न्याय करतात. आधी घरातल्या राउटरला पिंग करावे. तिथेच वेळ कमी-जास्त होत असेल तर दोष वायफायचा. ते ठीक आणि सेवा कंपनीचा पहिला टप्पा मंद, तर तक्रार कंपनीकडे. सगळे ठीक आणि फक्त व्हीपीएन रडते, तर कार्यालयाने आपले घर तपासावे. ट्रेसराउटमध्ये मधला एखादा राउटर उत्तर देत नाही, पण शेवटपर्यंत पाकिटे नीट पोहोचतात, तर त्याला बिघाड समजू नये. काही राउटर अशा हाकांना मुद्दाम कमी उत्तरे देतात.

पण याच काळात ‘मॉनिटरिंग’ या शब्दाखाली दुसरेही काही घरात शिरले : कर्मचाऱ्याच्या पडद्याची चित्रे घेणारे, कळफलकाचे ठोके मोजणारे सॉफ्टवेअर. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मध्ये कर्मचाऱ्यांची आकडेवारी नावानिशी दिसत होती. टीका झाल्यावर डिसेंबर 2020 मध्ये कंपनीने ती नावे काढण्याचे जाहीर केले.

दोन्हींना एकच शब्द वापरल्याने घोटाळा होतो. पिंगला तुम्ही काय लिहिता याच्याशी देणेघेणे नाही. एमआरटीजी किती डेटा गेला ते मोजते. आत काय आहे ते वाचत नाही. ती वाटेची तपासणी आहे. पडद्याची चित्रे घेणे ही माणसाची तपासणी आहे.

आपल्या भाषेत हा फरक आधीपासून आहे. फारसीतला ‘निगाह’ म्हणजे नजर. तो शब्द मराठीत आला आणि ‘निगा’ झाला. झाडाची निगा, आजाऱ्याची निगा. नजरेचा अर्थ काळजी झाला. ‘पाळत’ या शब्दातही नजरच आहे, पण ती संशयाची. म्यूस, जेकबसन, ओटिकर यांनी निगा राखण्याची साधने घडवली. कार्यालयाने ‘मॉनिटरिंग’च्या कागदावर सही मागितली, तर कर्मचाऱ्याने आधी एवढेच विचारावे : नजर तारेवर राहणार आहे की माझ्यावर?